अध्यक्षांची रंगीत तालीम

सोमनाथ सरांची नोकरी कायम व्हायला एक सही तेवढी उरली होती, आणि ती सही संस्थेचे अध्यक्ष मोहनराव करणार होते. त्यामुळे हल्ली सर मोहनरावांच्या बैलालाही नमस्कार करून पुढे जात. असा माणूस अध्यक्षांच्या तुरीच्या पोत्यांना हात लावील, असं चौसाळ्यात कुणालाही वाटलं नसतं. पण बीडचं प्रशिक्षण आडवं आलं.

शाळेत कुणी रागाच्या भरात काही करून बसायच्या आत त्याची वागणूक ओळखायची आणि त्याला शांत करायचं, असं ते प्रशिक्षण. सर ते घेऊन आले होते. आता बाकीच्या शिक्षकांना द्यायचं होतं. मोकळा म्हणावा असा एकच वर्ग होता सातवीचा, आणि त्यात सुगीपासून अध्यक्षांची तूर मुक्कामाला होती. सातवी बिचारी लिंबाखाली शिकत होती. शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी घटकाभरासाठी पोती व्हरांड्यात काढली आणि देवाचं नाव घेतलं.

"आता एक माणूस चिडून आत येईल," सर शिक्षकांना म्हणाले. "कोण ते सांगणार न्हाई. धोका काय नाव सांगून येतो व्हय? आपण वाद घालायचा न्हाई. बसवायचं, पाणी द्यायचं, अन् त्याचं म्हणणं त्यालाच शांतपणे परत सांगायचं."

चिडून यायचं होतं सटवा शिपायानं. पण व्हरांड्यात शेजारच्या दगडाबाईच्या शेळ्यांनी एक पोतं फाडलं आणि सटवा त्यांच्यामागं पळाला. नेमकी त्याच वेळी मोहनरावांची गाडी फाटकातून आत आली.

दार धाडकन उघडलं. "कोणं हलवली बे माझी पोती?"

सोमनाथ सरांनी आधी हात जोडले. शिक्षकांचे चेहरे मात्र खुलले.

"सर, तुम्ही खुद्द अध्यक्षांना तयार केलं?" बबिता मॅडम त्यांच्या कानाशी कुजबुजल्या. "कमाल केली."

सर पोती आत ओढायला दाराकडं निघाले. तोवर शाळेतल्या सगळ्यांत जुन्या मुक्ताबाई मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा साहेब. पाणी घ्या."

"मी बसाया न्हाई आलो. एकेकाला घरी बसवतो."

"म्हणजे तुम्हाला आम्हाला घरी बसवावंसं वाटतंय," मुक्ताबाई मऊ आवाजात म्हणाल्या.

"माझी तूर शेळ्या खायल्यात."

"तुमची तूर शेळ्या खायल्यात," सगळ्या शिक्षकांनी एका सुरात सांगितलं.

मोहनराव गोंधळले. त्यांच्या ओरडण्यावर लोक एकतर पळत किंवा पाया पडत. ऐकून कुणी घेत नसे. ते खुर्चीत टेकले आणि पाणी प्याले.

"एवढी तूर घरी कावून न्हाई ठिवली, साहेब?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"घरी कोण ठिवू देतंय? मंडळी म्हणली, पोती घरात आली की मी माहेरी. पोरगी बी तिच्याच बाजूनं." त्यांचा आवाज खाली आला. "तालुक्यात माझा शब्द चालतो बाई. पण घरी जेवलास का म्हून मला कोणी इचारत न्हाई."

"तुम्हाला कोणी इचारत न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या, पण या खेपेला प्रशिक्षण विसरून. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. मोहनरावांनी उपरण्यानं डोळे टिपले.

तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. "साहेब, लई भारी काम केलं तुमी," बबिता मॅडम म्हणाल्या. "मला तर रडूच आलं."

"काम? कसलं काम?"

मग मॅडमनी हौसेनं सगळं सांगितलं: ही रंगीत तालीम, चिडलेला माणूस, त्याला शांत करायचं. सोमनाथ सरांनी डोळे मिटून घेतले. आता सही गेली, बहुतेक गावही सोडावं लागेल, असा त्यांचा हिशेब झाला. पण पडलो तरी नाक वर, हे जमल्याशिवाय कुणी इतकी वर्षं राजकारणात टिकत नाही.

"मंग?" मोहनराव उपरणं झटकत उठले. "तालीमच होती. काम करावं तर जीव ओतून."

"अन् पोती, साहेब?"

"ती बी तालमीपुरतीच. उद्या नेतो."

पुन्हा टाळ्या पडल्या. मोहनरावांनी सरांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना व्हरांड्यात नेलं.

"ऑर्डर घेऊन संध्याकाळी घरी या. सही करतो."

"हो साहेब."

"अन् येताना मुक्ताबाईंना बी आणा."

"त्या कशाला, साहेब?"

मोहनरावांनी मागं वळून पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "ही ट्रेनिंग आमच्या मंडळीला द्यायची हाय. ते समोरच्याचं ऐकून घ्यायचं असतं ना, तेवढं तरी."