हत्तुरेकाकांचं मशिन

आमच्या शेजारचे हत्तुरेकाका चहा पिण्याआधी तो मोजतात.

कपाचा आकार नव्हे, गोडी. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यांची एक वीतभर नळी असते. द्राक्षवाले तिला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात, काका नुसतं 'मशिन' म्हणतात. तिच्या एका टोकाला तिरकी काच असते. तिच्यावर रसाचा थेंब टाकायचा, झाकण पाडायचं, नळी उजेडाकडे धरायची आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आत आकड्यांच्या पट्टीवर एक रेघ दिसते, ती साखर किती ते सांगते. काका डोळा लावतात, 'हं' म्हणतात, काचेवरचा थेंब बोटानं निपटून जिभेवर ठेवतात आणि मगच आकडा जाहीर करतात. "अकरा! वहिनी, आज हात सैल सुटला की!" पहिल्या खेपेला माझी बायको भलतीच चिडली होती. आता ती चहा देऊन आकड्यासाठी दारातच थांबते.

सोलापूरच्या सात रस्ता चौकातला उसाच्या रसाचा गाडीवाला काकांना लांबूनच ओळखतो आणि मुकाट्यानं बर्फ कमी घालतो. आमच्या पुतणीच्या साखरपुड्यात काकांनी गुलाबजामचा पाक मोजला. मशिनची पट्टी बत्तीसला संपते, पाक त्याच्याही वर गेला. "पट्टीच्या भाईर गेला की!" म्हणत ते मुदपाकखान्यात जाऊन आचाऱ्याचा हात हातात घेऊन आले. सत्यनारायणाच्या तीर्थालाही त्यांनी सोडलं नाही. "चौदा. पूजेला चालतंय, तोडणीला नाही," असा निकाल त्यांनी दिला, तेव्हा गुरुजी पोथी विसरून त्यांच्याकडे बघत राहिले.

काका मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचे. बोलतात मराठीत, वैतागतात कानडीत. 'साकु!' म्हणजे पुरे, हा शब्द आमच्या घरातही आता रुळला आहे. मुलगा हैदराबादला असतो, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मोहोळच्या पुढे पूर्वी एक वाईनचा कारखाना होता, तिथे ते फिल्डमन होते. गावोगाव फिरून द्राक्षं लावून घ्यायची, पिकली की मोजायची, पुढे वाईन झाली की चाखायची. चाखायची म्हणजे तोंडात घोळवून थुंकायची. "नऊ वर्षं थुंकलो, मास्तर. गिळला न्हाय एक थेंब," असं ते मला अभिमानानं सांगतात. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून मी मास्तर.

आमच्या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या त्या माझ्या मेहुण्यामुळे. तो पुण्याचा. परदेशातली वाईनची गावं बघून आला होता आणि मोबाइलवर दगडी गल्ल्या, लाकडी पिंपं, उंच पेले असले फोटो एकामागून एक दाखवत होता. काकांनी तीसेक फोटो सोसले. मग म्हणाले, "हे आपल्याकडं पण हाय की. चला रविवारी. मास्तरांची गाडी हाय." माझी गाडी आहे, हे खरं. रविवार हा मला झोपायला मिळणारा एकमेव दिवस आहे, हेही तितकंच खरं, पण ते कोणी विचारात घेतलं नाही.

ती सहल मेहुणा जन्मात विसरणार नाही. पहिला मुक्काम मोहोळचं स्टँड, तिथे गरम कांदाभजी. दुसरा मुक्काम बंद कारखान्याचं गंजलेलं फाटक. काका फाटकाच्या गजातून हात आत घालून बाभळींकडे बोट दाखवत होते, "हितं टाक्या होत्या. तितं टेस्टिंग रूम. वास घ्या, अजून येतोय." वास शेळ्यांचा येत होता. त्यानंतर चार वस्त्या झाल्या आणि प्रत्येक वस्तीवर चहा, कडक भाकरी, शेंगाचटणी. शेवटी मेहुण्यानं हळूच विचारलं, "आणि वाईन कुठे मिळेल?" काका म्हणाले, "वाईन सोलापुरात दुकानात मिळतीय. हितं माणसं बघायची."

तेव्हापासून सहा वर्षं झाली. हंगाम असो नसो, रविवारी सकाळी आठ वाजता काका खाली उतरून माझ्याच गाडीचा हॉर्न वाजवतात. मोकळे आहात का, असं विचारण्याची पद्धत त्यांच्यात नाही. मोहोळच्या स्टँडवर कुठली गाडी लागली आहे ते मला वाचायला लावतात आणि चष्मा घरी विसरलो म्हणतात. चष्मा नाकावरच असतो.

आमच्या फेरीतल्या वस्त्या अकरा. दहा ठिकाणी काकांना पाहून बाया आधी चहाचं आधण ठेवतात आणि मग 'या' म्हणतात. काका बागेत शिरतात, मणी पिळतात, आकडा सांगतात. शेतकऱ्यांकडे आता स्वतःची मशिनं आहेत, तरी काकांचा आकडा ऐकून सगळे खूश होतात.

अकरावी वस्ती बब्रुवान मान्यांची. तिथे आम्ही गाडीतून उतरतो, पण आत जात नाही. काका बांधावर उभे राहतात. बब्रुवान बागेत काम करत असला तर आम्हाला बघून पाठ फिरवतो आणि विहिरीकडे चालू लागतो. काका पाच मिनिटं त्याच्या पाठीकडे बघतात, मग म्हणतात, "साकु. चला."

दोन वर्षं मी विचारलं नाही. एकदा परतताना विचारलंच. काकांनी समोर बघत सांगितलं. या अकरा जणांना वाईनची द्राक्षं लावायला त्यांनीच भरीला घातलं होतं. बागेत चालू असलेला गोड वाण काढायला लावला होता. तिसऱ्या वर्षी कारखाना बंद पडला. वाईनची द्राक्षं बारकी, काळी, बियांनी भरलेली. बाजारात ती कोण घेणार? बेदाणा करावा तर बिया. अकराही जणांनी त्या बागांवर कुऱ्हाड घातली आणि पुन्हा गोड वाण लावला.

"दहा जणांनी तोंडावर शिव्या दिल्या. लई दिल्या. मग चहा दिला," काका म्हणाले. "बब्रुवान बोललाच न्हाय. मास्तर, त्यानं एकदा शिवी दिली असती तर मी सुटलो असतो हो."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की इतके रविवार मी द्राक्षं बघायला पेट्रोल जाळत नव्हतो. सकाळच्या झोपेबद्दलची माझी कुरकुर तिथंच संपली.

या फेब्रुवारीत मात्र वेगळं घडलं. आम्ही बांधावर उभे होतो. बब्रुवाननं आम्हाला पाहिलं, पाठ फिरवली, चार पावलं गेला आणि थांबला. मग वळून सरळ आमच्याकडे आला. डोक्याचं मुंडासं सोडून परत बांधलं. काकांकडे न बघता म्हणाला, "मशिन हाय का खिशात?"

"हाय की," काका खिसा चाचपत म्हणाले.

"मग या. व्यापारी म्हनतोय आजच तोडू, माल तयार हाय. घरात म्हनत्यात थांबा. म्हटलं ह्यास्नी इचारावं."

मांडवाखाली सगळीकडे हिरवे-पिवळे घड लोंबत होते. बब्रुवान एक मणी तोडायला लागला, तर काका म्हणाले, "वरचा नको. शेंड्याचा द्या. आधी वरचा गोड हुतो, शेंडा मागनं." मणी पिळला, थेंब काचेवर टाकला, नळी उजेडाकडे धरली. मी नेहमीच्या 'हं'ची वाट बघत होतो. तो आला नाही. काकांनी नळी दुसऱ्या डोळ्याला लावून पाहिली. मग काकांनी ती खाली घेतली आणि माझ्या हातात दिली.

"मास्तर, तुमी बघा."

"मी कशाला?"

"दोन वर्षं झाली, मला रेघ दिसत न्हाय. डोळ्यात मोतीबिंदू हाय. आकडा जिभेवरनं सांगतो मी." त्यांनी बब्रुवानकडे पाहिलं नाही. "बाकीच्यांकडं चालतंय. त्यांच्याकडं मशिनं हायत. हितं नको. हितं मी एकदा चुकीचं सांगितलंय."

एवढा बोलका माणूस दोन वर्षं आमच्या चहाचे आकडे अंदाजानं सांगत होता आणि ते मला कळलं नव्हतं. मी डोळा लावला. रेघ स्पष्ट होती. "सतराच्या थोडी वर," मी म्हणालो.

बब्रुवाननं माझ्याकडे बघितलंही नाही. त्यानं त्याच घडाच्या शेंड्याचा दुसरा मणी तोडला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि काकांच्या तळहातावर ठेवला.

"मास्तरांचं ऱ्हाऊ द्या. तुमची जीभ काय म्हनती ते सांगा."

काकांनी मणी तोंडात टाकला. डोळे मिटले. कारखान्यात घोळवायचे तसा घोळवला. थुंकले मात्र नाहीत, गिळला.

"सतरा. सव्वासतरा धरा," ते म्हणाले. "आठ दिवस थांबा, बब्रुवान. अठरा पार करतंय."

बब्रुवान मांडवाकडे बघत राहिला. एव्हाना बांधाशी व्यापाऱ्याची गाडी येऊन उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता.

"बरं. थांबतो," बब्रुवान म्हणाला आणि गाडीवाल्याला हातानंच 'जा' म्हणून खूण केली. मग काकांना म्हणाला, "पुढच्या रयवारी तोडायच्या आदी या. मशिन नसलं तरी चालंल. चहाला बसा आता."

चहा खूप गोड होता. काकांनी तो मोजला नाही. दोन्ही हातांत कप धरून सावकाश प्यायले आणि आणखी अर्धा मागून घेतला.

परतताना मोहोळ आलं. मग नळी रुमालानं पुसत, सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं, "मास्तर, पुढच्या रविवारी मोकळे हाय का तुमी?"

मी म्हणालो, "हाय की."