अकोल्याचं पेट्रोल

आमच्या शेजारचे नामदेवकाका रोज सकाळी स्कूटर पुसतात, टाकीचं झाकण उघडून आत डोकावतात, झाकण लावतात आणि सायकलवर बसून भाजीला जातात. टाकी काठोकाठ भरलेली! एकदा न राहवून विचारलं, तर म्हणे, "ते अकोल्याचं पेट्रोल हाय, मास्तर. त्याले हात लावाचा नाई."

काकांचा जन्म डिझेलची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. त्यामुळे तेलाची चिंता जगात त्यांना एकट्यालाच! "तेल संपून राहिलं अन् दुनिया तापून राहिली," हे त्यांचं पालुपद. अमरावतीत कुठंही भेटा, नमस्काराआधी हेच. एका लग्नात वाढप्याला म्हणाले, "वाढ बाप्पा जिलेबी. पुढं गॅस भेटते का नाई, कोनाले मालूम!"

काकू गेल्यापासून काका एकटे. एकुलती एक लेक सुषमा अकोल्याला दिलेली. दिवाळीत येते, दोन दिवसांत परत. अकोल्याचा उन्हाळा तर विचारूच नका. एक ना एक दिवस तिथं माणूस राहूच शकणार नाही, तोवर तेलावाचून एसट्याही बंद पडतील, आणि मग आपण स्कूटरवर जाऊन लेकीला आणू, असा काकांचा पक्का बेत. तिच्यासाठी मागच्या खोलीच्या छताला दर उन्हाळ्यात चुना, खिडकीला वाळ्याची ताटी. स्वतः पुढच्या खोलीत भाजून निघतात.

यंदा मे महिन्यात पेपरात अकोल्याचा पारा वाचला आणि काका डोक्याला दुपट्टा बांधून निघाले. किक मारली. गाडी ढिम्म! दोन वर्षं टाकीत पडून पेट्रोल पार बाद झालं होतं. जन्मभर इंजिनं खोलणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? मी हसणारच होतो, पण काकांचे डोळे भरलेले दिसले.

"आता पोरीले कसा आनू, मास्तर?"

तेवढ्यात दारात ऑटो थांबला आणि बॅग घेऊन सुषमाच उतरली. "बाबा, तिकडं जीव नकोसा झाला. उकाडा कमी होईपर्यंत राहते आता."

"एसटीनं कावून आली?" काका खेकसले. "मी येऊनच राहिलो होतो ना!" आणि तिची बॅग उचलून मागच्या खोलीकडे पळाले, ताटीवर पाणी मारायला.

चौथ्या दिवशी सकाळी काका पेपर मागायला आले. दारातच घुटमळले. साऱ्या दुनियेच्या उकाड्याची काळजी वाहणारा हा माणूस हळूच मला विचारतो, "अकोल्याचा पारा उतरला तं नाई ना, मास्तर?"

उतरला होता. मी त्यांना कालचा पेपर दिला.