कोंबडीबाईंकडची मेजवानी

नव्या पुस्तकाचं चौदावं पान उघडलं आणि वेलांटीबाई ताडकन उभ्याच राहिल्या.

प्रकाशकांच्या कचेरीत या मुद्रितशोधकबाईंना सगळे याच नावाने हाक मारत, कारण वीस वर्षांत चुकीची वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. हे पुस्तक बिनचूक निघालं तर बालविभागाची संपादकी तुमची, असं मालकांनी कबूल केलं होतं. आणि पुस्तकात अक्षराची खरोखरच एकही चूक नव्हती. फक्त चौदाव्या पानावर एप्रन घातलेल्या कोंबडीबाई कोटवाल्या कोल्हेबुवांना हसतमुखाने जेवायला वाढत होत्या, आणि ताटात होती अख्खी भाजलेली कोंबडी.

त्यांनी चित्रकाराला फोन लावला.

"अहो, हे काय काढून ठेवलंय तुम्ही?"

"का? रंग फिके आलेत का?"

"कोंबडी कोंबडी वाढतेय."

"तुमचीच चिठ्ठी होती. 'कोंबडीबाईंनी कोल्हेबुवांना त्यांच्या आवडीचं जेवण वाढलं.' आता कोल्ह्याला जे आवडतं ते आवडतं, त्याला मी काय करू?"

चिठ्ठी खरंच बाईंचीच होती. त्यांच्याकडची पद्धतच तशी होती. चित्रकाराला गोष्ट वाचायला देत नसत, पानागणिक एकेक वाक्य चिठ्ठीवर लिहून पाठवत. आणि बाई चित्रांकडे कधी बघतच नसत. चित्रात वेलांटी नसते.

प्रकाशन त्याच संध्याकाळी, वाचनालयात. प्रती पाचशे. चित्रकाराने धावतपळत येऊन एक भोपळा काढला, तळमजल्यावर त्याचे स्टिकर छापून घेतले आणि दोघं जेवणखाण विसरून चिकटवत बसले. चारच्या सुमारास शेवटच्या कोंबडीवर भोपळा बसला.

"सुटलो एकदाचे," बाई म्हणाल्या.

वाचनालय पोराबाळांनी भरलं होतं. प्रत्येकाच्या हातात एक प्रत होती. मालक नातीला मांडीवर घेऊन ऐटीत वाचू लागले. चौदावं पान आलं आणि दालनभर चर्र-चर्र असा आवाज सुरू झाला. स्टिकर दिसला की मूल तो ओढून काढतं, एवढी साधी गोष्ट मुलांच्या पुस्तकांत हयात घालवलेल्या त्या दोघांच्या डोक्यातच आली नव्हती.

मुलं आ वासून ताटाकडे बघत होती आणि त्यांच्या आया मालकांकडे. बाईंनी ओळखलं: संपादकी गेली, आता नोकरीही जाणार.

"आजोबा," नात हळूच म्हणाली, "कोंबडीबाईंचे मिस्टर कुठे आहेत?"

मालकांनी पुस्तक फटकन मिटलं.

दुसऱ्या दिवशी बाई राजीनामा लिहूनच मालकांच्या खोलीत शिरल्या. मालक नुकताच फोन खाली ठेवत होते.

"बसा. आणखी प्रती हव्यात म्हणून सकाळपासून दुकानदार पिच्छा सोडत नाहीयेत. आजपासून तुम्ही संपादक. पुढचा भाग ताबडतोब काढा, मिस्टरांचं काय झालं ते पोरांना कळायला हवंय."

बाईंना धड हसूही येईना. राजीनामा त्यांनी हळूच पर्समध्ये सरकवला.

"मग काय झालं म्हणून सांगायचं?"

"सांगायचं कशाला?" मालक म्हणाले. "स्टिकर लावा."