गाडीचं घर घणसोलीत

जुनी गाडी विकायची नसते, तिला नवं डोकं बसवायचं असतं! हे वाक्य माझं, कृष्णातरावाचं, स्वतःचं आहे, आणि कांदा-बटाटा मार्केटात मी ते निदान चाळीस लोकांना ऐकवलंय. त्यातले तिघं अजूनही मला लांबून बघितलं की रस्ता बदलतात.

माझी गाडी सतरा वर्षांची. इंजिन ठणठणीत, हॉर्न त्याहून ठणठणीत. फक्त गाणी वाजवायच्या डब्यात माझी मुलगी राजलक्ष्मी तिसरीत असताना बडबडगीतांची एक सीडी अडकली, ती आजतागायत निघाली नाही. आता राजलक्ष्मी ऐरोलीला नोकरी करते, तिच्या लग्नाचं चाललंय, पण गाडी सुरू केली की पाढे आणि चिमणी-कावळे सुरू! मार्केटातल्या हमालांनासुद्धा ती गाणी पाठ झालीत.

हे लग्नाचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. राजलक्ष्मीनं मुलगा स्वतःच पसंत केला होता. रणजीत नाव. तिच्याच ऑफिसात. वर तो आमच्या साताऱ्याकडचाच निघाला, त्यामुळं माझ्या बायकोनं, प्रेमलानं, देवापुढे पेढे ठेवले. आता अडत होतं एकाच माणसापाशी. रणजीतचे मामा, हौसेराव! रणजीतचे वडील लवकर गेले, पोराला वाढवलं मामांनी. ते "हो" म्हणतील तर लग्न, "नाही" म्हणतील तर रणजीत त्यांच्यापुढं मान वर करणार नाही. मामांनी फोटो बघायलासुद्धा नकार दिला होता. "फोटोत कुणीबी बरं दिसतं," म्हणे. "मी सोता येतो. घर बघतो, माणसं बघतो, मग बोलतो."

राजलक्ष्मीनं मला समोर बसवून सांगितलं, "बाबा, रविवारी मामा साताऱ्याच्या गाडीनं वाशी हायवेला उतरतील. त्यांना घ्या आणि घरी आणा. बाकी काहीही करू नका."

"म्हणजे मी काय करतो?"

"तेच म्हणतेय. करू नका!"

पोरगी आईवर गेलीय. पण रणजीतकडून मला आतली बातमी मिळाली होती. मामा माणसाची पारख गाडीवरून करतात. मागं एका स्थळाचा बाप त्यांना न्यायला आरसा नसलेल्या स्कूटरवर आला, तर मामा स्टँडवरूनच परत फिरले! अशा माणसाला मी चिमणी-कावळे ऐकवत आणू?

शनिवारी गाडी घेऊन थेट घणसोली गाठली. तिथं मिथुनचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. मिथुन गावठाणातलाच, हात चलाख, तोंड त्याहून चलाख. दुपारपर्यंत त्यानं माझी सीडी दाताच्या डॉक्टरासारखी उपटून काढली आणि तिथं नवाकोरा पडदा बसवला. पडदा एवढा मोठा की एसीच्या दोन जाळ्या त्याच्यामागं गुडूप झाल्या. मागं कॅमेरा, दारांत स्पीकर, फोन जोडलेला, आणि रस्ता सांगणारी बाई!

"काका, टेन्शन नाय घ्यायचं," मिथुन म्हणाला. "घरी जायचं असलं की हे घराचं चित्र दाबायचं. बस! मी सोता ट्रायल घेतलीय. इथून निघालो, चित्र दाबलं, डायरेक्ट घराच्या दारात!"

कुणाच्या घराच्या, हे मी विचारलं नाही. गाडी माझी, तर घर माझंच असणार ना!

रात्री राजलक्ष्मीनं पडद्याकडं बघून विचारलं, "हे नीट सेट केलंय का? मी बघू?"

"मी पंचवीस वर्षं गाडी चालवतोय!"

"त्याचा इथं काय संबंध?"

"संबंध असतो," मी म्हणालो. एवढं बोलून मी पडद्यावर फडकं मारलं आणि विषय संपवला.

रविवारी दहा वाजता हौसेराव उतरले. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक लिंबू राहावं. गाडीत बसले, पडद्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या भुवया वर गेल्या. मी मनात म्हटलं, जिंकलो!

"घर!" असं मोठ्यानं म्हणत मी ते चित्र दाबलं. बाई बोलायला लागली, "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा."

"ही बाई बसलीय कुठं?" मामांनी विचारलं.

"वर. उपग्रहावरनं बघते सगळं."

"चुकत न्हाय?"

"छे! माणूस चुकेल मामा, ही नाही चुकणार!"

हे वाक्य मी गिळून टाकायला हवं होतं. कारण ठाणे-बेलापूर रस्त्यानं आम्ही कोपरखैरण्याच्या वळणाशी आलो, मी सवयीनं डावा सिग्नल दिला, आणि बाई म्हणाली, "सरळ जा."

आमची सोसायटी बोनकोडे गावाला चिकटून. पंचवीस वर्षं त्याच वळणावर डावीकडं वळतोय. डोळे बांधले तरी वळेन. मी चाक फिरवायला लागलो तर मामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ती सरळ म्हनतीया. तुमी वळताय कशापायी?"

"नाही, म्हणजे, आमचं घर तसं..."

"ती चुकत न्हाय म्हनलासा न्हवं?"

आता काय सांगणार? यंत्र चुकतं म्हणावं तर मी खोटा. मी चुकलो म्हणावं तर स्वतःचं घर माहीत नसलेला बाप! म्हटलं, पुढून वळायला लावत असेल, आपल्या रस्त्यावर काहीतरी खोदकाम निघालं असेल. नवी मुंबईत खोदकाम कुठंही निघू शकतं. मी सरळ गेलो.

बाईनं डावीकडं वळायला लावलं ते थेट घणसोली गावात. मग रस्त्याची गल्ली झाली, गल्लीची बोळ झाली. दोन्ही बाजूला घरांच्या पायऱ्या, वाळत घातलेले कपडे, आणि गाडीचे आरसे मिटून घेतले तरी भिंतींना गुदगुल्या होत होत्या. एका तीन मजली घरासमोर बाई थांबली. "तुम्ही घरी पोहोचला आहात."

"झ्याक!" मामा मान वर करकरून मजले मोजत म्हणाले. "तीन मजली? रणजीत तर म्हनला खोल्या दोनच हायती. इनयशील दिसताय तुमी!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिथुननं ट्रायल घेतली होती ती स्वतःच्या घराची! मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागं दुधाचा टेम्पो येऊन बोंबलायला लागला. मामा दार उघडून उतरले. "तुमी गाडी लावा. पाव्हन्यानं दारात ताटकळू न्हाय." आणि तरातरा आत!

"मामा! अहो मामा!" मी ओरडलो. पण घाईत माझं बोट पडद्यावर भलतीकडं पडलं आणि रेडिओ असा गर्जला की समोरच्या घरातलं मांजर छपरावर गेलं. मामांना काय ऐकू जाणार!

आता आत काय घडलं, ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. मिथुनच्या घरी त्या दिवशी त्याच्या बहिणीला, संध्याला, बघायला उरणच्या मोरा बंदरावरनं पाहुणे यायचे होते. पाहुण्यांत मुख्य कोण? मुलाचा मामा! त्याला घरात कुणीच पाहिलेलं नव्हतं, आणि मिथुन त्याला आणायला नाक्यावर गेलेला. अशात दारात हे उभे राहिले आणि म्हणाले, "मी मुलाचा मामा."

मिथुनची आई पुतळाबाई धावतच आली. "या या, मामा! आमी कवाशी वाट बगताव! गो पोरी, पानी आन!"

मामांना बोली वेगळी वाटली. पण त्यांनी मनाशी हिशेब जुळवला की पंचवीस वर्षं इथं राहून माझ्या बायकोची भाषा बिघडलेली दिसतेय. पुतळाबाईंनाही मामांची बोली खटकली. त्यांनी विचारलं, "मामा, घाटावर नोकरीला व्हते का?" मामा म्हणाले, "घाटावरच तर असतो मी." दोघांचंही समाधान झालं!

इकडं मी गाडी मागं घेत होतो. मागचं दिसावं म्हणून कॅमेरा बसवलेला, तो मिथुननं उलटा बसवला होता. पडद्यावर आभाळ खाली आणि टेम्पो छताला लटकलेला. टेम्पोवाला म्हणे डावीकडं घ्या, पडदा म्हणे उजवीकडं, आणि गल्लीतल्या सात बायका पायऱ्यांवर बसून मला वेगवेगळ्या सात दिशा दाखवत होत्या. एवढ्यात प्रेमलाचा फोन आला. तो आला तोही दारांतल्या नव्या स्पीकरवर!

"अहो, कुठं तडफडलात? पोह्यांचे दगड झाले! आणि त्या मिशीवाल्याला वाटेत काही खायला घालू नका, नाहीतर इथं नाक मुरडेल!"

सगळी घणसोली ऐकत होती. मला फोन बंद करायचं बटण सापडेना. पायरीवरची एक म्हातारी गाडीकडं तोंड करून म्हणाली, "गो बाय, तुजा घोव आमचे गल्लीन अरकलाय!"

"ही कोण बाई?" प्रेमलाचा आवाज एकदम बदलला. "अहो, तुमच्या गाडीत बाई कोण आहे?"

त्यावर रस्ता सांगणारी म्हणाली, "तुम्ही घरी पोहोचला आहात."

फोन कट झाला. अर्ध्या तासानं गाडी एका मोकळ्या जागेत कोंबून मी घामाघूम धावत त्या घरात शिरलो, आणि दारातच थिजलो.

हौसेराव पाटावर बसलेले. पुढ्यात तांदळाच्या भाकऱ्या, आणि ताटात जिताड्याचं डोकं! आगरी घरात जिताडा म्हणजे माशांतला राजा, आणि त्याचं डोकं घरात येणाऱ्या मानाच्या माणसाला. हे साधंसुधं वाढणं नव्हे. मोऱ्याच्या माणसाला मासा खाऊ घालायचा म्हणजे इभ्रतीचा सवाल, म्हणून पुतळाबाई पहाटेपासून खपत होत्या. मामांनी डोकं चाटूनपुसून संपवलं होतं आणि डाव्या हातात फोन धरून गावाकडं, म्हणजे रणजीतच्या आईला सांगत होते, "पसंत! कृष्णातरावांची मुलगी पसंत! घर तीन मजली, मानसं सोन्यासारखी, आन मासा... अगं काय सांगू तुला! म्या शब्द दिला म्हनून सांग सगळ्यांस्नी."

त्याच क्षणी माझ्या मागून मिथुन आत आला. त्याच्यासोबत रुंद छातीचा, सोन्याची साखळी घातलेला एक गृहस्थ. तो म्हणाला, "राम राम. मी मुलाचा मामा."

हौसेराव चमकले. "आन मग मी कोन हाय?"

मोऱ्याचे मामा ताटातल्या काट्यांकडं बघत होते. हातातोंडाशी आलेला घास कुणी पळवावा तसा त्यांचा चेहरा. मिथुननं मला पाहिलं, पडदा आठवला, आणि कपाळाला हात लावला. मग मी सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, रडवेल्या आवाजात, हात जोडून. बोलताना डोळ्यांसमोर फक्त राजलक्ष्मी. "बाकी काहीही करू नका," एवढंच तर मागितलं होतं पोरीनं.

आधी पुतळाबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसल्या. मग संध्या, मग मिथुन. मोऱ्याच्या मामांनी हसू दाबत विचारलं, "शेपटीकडचा तरी हाय का?" त्यांना दुसरं ताट आलं. फक्त हौसेराव हसले नाहीत. हात धुतले, टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसले.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते खुर्चीवर बसले. प्रेमलानं दगड झालेले पोहे आणले. राजलक्ष्मीनं वाकून नमस्कार केला, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि आतल्या खोलीत नेऊन माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मला भूमी दुभंगून आत जावंसं वाटलं, पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

"मामा," राजलक्ष्मी म्हणाली, "आमचं घर एवढंच आहे. आणि मला मासे नीट करता येत नाहीत. पण रणजीतला मी सोडणार नाही, हे आधीच सांगते."

मामांनी मिशी एकदा पिळली.

"पोरी, म्या शब्द दिलाय," ते म्हणाले. "फोनवर नाव घिऊन दिलाय. कृष्णातरावांची मुलगी पसंत. आता ती मी बघून दिला का न बघता दिला, ह्यो माझा परश्न. हौसेरावाच्या शब्दाला रिव्हर्स न्हाय."

प्रेमलानं डोळ्यांना पदर लावला. मी तर उठून मामांचे पायच धरले. मामांनी मला उठवलं.

"पन एक अट हाय."

आम्ही सगळे पुन्हा थंड. हुंडा? मानपान? गावाकडं लग्न?

मामांनी आवाज खाली आणला. "माझी परतीची गाडी संध्याकाळी हाय. तवर ते घराचं चित्र परत एकदा दाबा की. त्या पुतळाबाई म्हनत हुत्या, कालवन अजून शिल्लक हाय."

या गोष्टीला आता आठ महिने झाले. लग्न झालं, राजलक्ष्मी सुखात आहे. संध्याचंही मोऱ्याला झालं, आणि त्या लग्नात दोन्ही मामा एका पंगतीला बसले. राजलक्ष्मी येते तेव्हा म्हणते, "बाबा, द्या इकडं, दोन मिनिटांत मी ते घर बदलून देते." मी देत नाही. प्रेमलाला वाटतं, माझा अहंकार आडवा येतो.

तसंच वाटू दे. दर रविवारी सकाळी भाजी आणायला म्हणून मी निघतो, ते चित्र दाबतो, आणि गाडी आपोआप घणसोलीला वळते. आता यंत्रच चुकतं, त्याला मी काय करणार!