कॉम्प्युटरला ऊन लागलं

जावईबापू श्रावणची जपानी गाडी ऐन वेळी बंद पडली. त्याने ती मस्कतहून बोटीने आणली होती, आणि तिच्यात म्हणे कॉम्प्युटर होता. नागपुरातल्या जरीपटक्यात तेवढ्यासाठी लोक ती पाहायला येत.

त्याचे सासरे नत्थूजी यांना घाम फुटला तो मात्र मे महिन्यामुळे नव्हे. नवऱ्या मुलाची आजी अंथरुणावर, म्हणून धाकट्या लेकीला, चंद्रकलेलाच कळमेश्वरला दाखवायला न्यायचं होतं. एवढं चांगलं स्थळ पुन्हा येणार नव्हतं, आणि मुलाच्या आई कुसुमताई वेळेच्या फार कडक होत्या.

पण नत्थूजी जन्माचे विज्ञान शिक्षक. गाडी दारच्या कडुनिंबाच्या सावलीत ढकलून झाली आणि त्यांचा तास सुरू झाला. "कॉम्प्युटर म्हणजे गाडीचा मेंदू. पेट्रोल किती, हवा किती, सारं तोच पाहते. मेंदूच बसला तं हातपाय काय करन?"

"पण हाय कुठं तो?" त्यांच्या पत्नी रुखमाबाईंनी विचारलं.

"शोधू ना वं! जावईबापू, तुमाले माहीत असन."

"मले फक्त चालवता येते, मामाजी."

बॉनेट उघडलं, गालिचा उचकटला. शेवटी सीटखाली तारा जोडलेला एक पत्र्याचा खोका सापडला. नत्थूजींनी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"तपासणी झाली! ऊन लागलं याले."

उन्हावरचे उपाय नागपूरकराला शिकवावे लागत नाहीत. खोका सोडवून घरातल्या वाळ्याच्या कूलरपुढे ठेवला. रुखमाबाईंनी त्याला ओला दुपट्टा गुंडाळला आणि वर एक कांदा ठेवला.

"आता पन्हं नको पाजू," नत्थूजी म्हणाले.

तेवढ्यात श्रावणने सहज किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली!

"मामाजी, खोका तं अजून बाहेरच हाय!"

"असू द्या! मेंदूनं सकाळीच हुकूम देऊन ठेवले असन. आता जोडाजोडी नको, निघा!"

खोका रुखमाबाईंच्या मांडीवर बसून कळमेश्वरला पोचला. तिथे तो पंख्याखाली ठेवून नत्थूजींनी सगळ्यांना मेंदू समजावून सांगितला, खाटेवरच्या आजीलासुद्धा.

कुसुमताईंनी शांतपणे ऐकलं. "गुरुजी, मेंदू इथं हाय, मंग गाडी आली कशी?"

आयुष्यभर मुलांना "प्रश्न विचारा" म्हणणारे नत्थूजी छताकडे पाहू लागले.

चंद्रकला मान खाली घालूनच बोलली. "मेंदू गाडीतच असन कुठंतरी. हा गाण्याच्या मशीनचा खोका हाय. याच्या तारा मागच्या स्पीकरले जातात. गाडी उन्हात तापली होती, सावलीत थंडी झाली अन् चालू झाली."

"तुले कवा समजलं वं हे?" नत्थूजींनी विचारलं.

"घरीच."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी शिकवून राहिले होते ना, बाबा."

मग खाटेवरून आजीचं बोळकं खुदकन हसलं.

"कुसुम, पोरगी ठेवून घे," ती म्हणाली. "खोका तेवढा वापस दे त्याईले."