फोन कापण्याची प्रात्यक्षिक परीक्षा

अर्थशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याचा फोन वाजला. सर मंदी समजावून सांगत होते आणि रिंगटोनमधलं बाळ खदखदून हसत होतं. वर्गही हसला. त्या दिवसापासून मंदीकडे कोणी गांभीर्याने पाहिलं नाही.

प्राचार्यांनी घटनेची गंभीर दखल घेऊन समिती नेमली. समितीच्या शिफारशीनुसार फोन बंद झाले आणि वर्गात शांतता पसरली. सगळं सुरळीत चाललेलं पाहून वरिष्ठ कार्यालयाच्या पोटात दुखू लागलं. तपासनीस मॅडम येऊन थडकल्या.

"शिष्टाचार पाळला जातो, याला पुरावा काय?"

"मॅडम, फोन वाजतच नाहीत."

"मग मी तपासू काय? वाजल्यावर मुलं कशी वागतात, ते दाखवा."

मुद्दा बिनतोड होता. 'भ्रमणध्वनी शिष्टाचार' हा विषय सक्तीचा झाला. प्रात्यक्षिकात फोन वाजला पाहिजे, परीक्षार्थ्याने दचकलं पाहिजे, मान खाली घालून खेद व्यक्त केला पाहिजे आणि फोन कापला पाहिजे. नापास होणाऱ्याचं वर्ष वाया. मित्राने फोन केल्यास ती कॉपी समजली जाईल, फोन रक्ताच्या नातेवाइकाचाच हवा, अशीही तरतूद होती. ज्यांना चार-चार मावश्या होत्या, त्यांची चैन झाली. बाकीचे दूरच्या काकांच्या तब्येतीची चौकशी करू लागले.

पंचाईत झाली ती घुम्याची. हा मुलगा कोणाच्या अध्यात ना मध्यात, त्यामुळे त्याला फोनच येत नसे. घरात आई एकटी. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती आणि तिथे फोन फाटकावर जमा करावे लागत.

"आई, उद्या अकराला फोन कर."

"काय बोलू?"

"काही नाही. मी कापणार आहे."

"अरे, मग करू कशाला?"

"पास व्हायला."

आईला काही कळलं नाही, पण मुलाच्या शिक्षणातलं तिला कधीच काही कळलं नव्हतं. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. घुम्या दचकला, मान खाली घातली, फोन कापला. तपासनीस मॅडमनी मान डोलावली. फोन पुन्हा वाजला. त्याने पुन्हा कापला, आता डोळ्यांत पाणी आणून. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा तर त्याने स्क्रीनकडे न बघताच कापला.

"बघा," मॅडम वर्गाला म्हणाल्या, "याला म्हणतात संस्कार!"

घुम्याला पैकीच्या पैकी मिळाले. त्याची जागेवरच वर्गप्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली.

संध्याकाळी घरी आला, तर आईच्या डोक्याला पट्टी.

"फाटकाबाहेर उन्हात उभी होते रे. तुला फोन केला आणि चक्कर येऊन पडले. वाटलं, तुला बोलवावं."

"मग केला का नाहीस?"

"पहिला तुझ्यासाठी केला होता. पुढचे दोन माझ्यासाठी." आईने पट्टी सारखी केली. "पास झालास ना?"

"पहिला आलो."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि भिंतीला धरून स्वयंपाकाला उठली.

तुम्ही आता प्राचार्यांवर, मॅडमवर आणि घुम्यावर दातओठ खात असाल. खुशाल खा. पण त्याला निदान मार्क तरी मिळाले. तुम्ही परवा आईचा फोन कापलात, तो चक्क फुकटात.