अर्धी माझी, अर्धी तिची

वाईजवळ मी चालवते त्या वृद्धाश्रमात मोहिते अण्णा आले की आधी तुळशीपाशी जातात आणि कुंडीतली माती पेनाने उकरतात. मग एखादी पांढरी गोळी वर काढून मला दाखवतात. "बघा बाई, झाड तुमचं लय औषध खातंय."

अण्णांचं गावात औषधांचं दुकान आहे. दर गुरुवारी ते आमच्या मंडळींच्या गोळ्या तपासायला येतात. पैसे घेत नाहीत, मात्र डोकं खातात. उशा झटकतात, कवळीच्या डब्यात डोकावतात. मी चिडले की म्हणतात, "दिली म्हंजे खाल्ली न्हवं."

मध्यंतरी ताराक्कांना चक्कर यायला लागली. दोनदा पडल्या. त्यांचा माधवनगरला राहणारा मुलगा म्हणाला, आईला आता अंथरुणावरच्या रुग्णांच्या संस्थेत हलवतो. हे ऐकून शेजारच्या खाटेवरच्या हौसाबाई जेवेनाशा झाल्या. त्यांचा रक्तदाबही काही केल्या उतरेना, डॉक्टरांनी गोळी वाढवली. ताराक्कांची चक्कर आणखी वाढली.

अण्णा म्हणाले, "मी सकाळच्या चहाला येतो." आले आणि दोघींच्या समोर बशी घेऊन बसले. हौसाबाईंनी आपली रक्तदाबाची गोळी घेतली, भाकरी मोडावी तशी मोडली आणि अर्धी ताराक्कांच्या हातावर ठेवली. ताराक्कांनी ती मुकाट्याने गिळली.

मी ओरडणार होते. अण्णांनी हातानेच थांबवलं.

"मावशी, ही कशापायी दिली?"

"आवं, मला लय गुण आला हिचा. एकटीनं खायाची व्हय?"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं, डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. हौसाबाईंची गोळी पुन्हा कमी झाली. ताराक्कांचे पाय महिन्याभरात स्थिरावले आणि मुलानेही हलवायचा विषय सोडला. अण्णांनी हौसाबाईंना आवळासुपारीची डबी आणून दिली. "हे वाटा. गोळी मातूर ज्याची त्यानं खायाची."

हौसाबाईंनी डबी घेतली आणि विचारलं, "तुमाला हाय का वो गोळी?"

"हाय की. रक्तदाबाचीच."

"हातावर कोण ठेवतं?"

दुसऱ्यांच्या उशा झटकणाऱ्या या माणसाने हातातलं पेन खिशाला लावलं. "घरची हुती तवा ती ठेवायची," ते म्हणाले. "आता इसरतो कवाकवा."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांना चहा विचारला, हे कधी विचारलं नव्हतं.

आता अण्णा दुकान उघडायच्या आधी रोज येतात. खिशातली गोळी हौसाबाईंकडे देतात आणि हात पुढे करतात. हौसाबाई ती त्यांच्या तळहातावर ठेवतात आणि पाणी पिऊन होईपर्यंत समोरून हलत नाहीत.